नाकाचें आढें

कवठे येमाईस आमच्या शेजारच्या एका घरीं सध्यां मोठी चिंता आहे. अपघातांत बसलेलें नातवाचें नाक उभें करण्यास शस्त्रवैद्य बरगडीचा तुकडा घेणार, हें ऐकून आजीबाई म्हणाल्या, “मास्तर, नाकापायीं छाती अधू करायची का हो?”

आम्हीं प्रथम पुण्याची हकीकत सांगितली. टिपूच्या कैदेंत नाक गमावलेल्या कावसजी नामक गाडीवानास पुण्याजवळील एका वीटकऱ्यानें कपाळाच्या त्वचेचें नवें नाक करून दिलें. तो वृत्तांत १७९४ सालीं लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’मध्यें छापला गेला; पुढें १८१४ त कार्प्यू यांनीं ती क्रिया तेथें केली.

परंतु त्वचा हें छप्पर. आढें मोडलें तर तें खचणारच. नाकाचें खालचें आढें कूर्चेचें असतें. सुश्रुतानें नाक-कानांतील अशा मऊ अस्थींस ‘तरुण’ म्हटलें आहे. पडद्याची वा कानाची कूर्चा अपुरी पडल्यास बरगडीच्या पुढच्या टोकाची घेतात. हाड शाबूत राहतें. कूर्चेंत रक्तवाहिन्या नसतात. भोवतालच्या रसावर ती जगते, म्हणून नव्या जागीं टिकते. मात्र कोरलेला तुकडा वांकूं शकतो. त्याचें कारण गिब्सन व डेव्हिस यांनीं १९५८ सालीं दाखविलें. म्हणून दोन्ही अंगांचा ताण सारखा राहील असा तो कोरतात. छातीवर व्रण राहतो, कांहीं दिवस दुखतें, क्वचित् फुप्फुसाच्या आवरणास इजा होते.

नातवास नाकानें धड श्वास घेतां येत नाहीं. तेव्हां हा केवळ रूपाचा प्रश्न नव्हे. शंका वैद्यास विचाराव्या व निर्णय नातवास विचारून घ्यावा, एवढेंच आमचें सांगणें.