बेंबीभोवतीची कळ

ब्रिस्टल येथील बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी नोरा नेश यांच्या साहाय्याने शाळेत जाणाऱ्या १,००० मुलांची पाहणी करून तिचा वृत्तान्त १९५८ साली प्रसिद्ध केला, तेव्हा तीन महिन्यांच्या अवधीत किमान तीनदा, आणि तीही हातचा खेळ टाकून बसावे लागेल इतकी, पोटदुखी जडलेली मुले शेकडा दहाहून अधिक निघाली. त्यांपैकी बहुतेकांच्या पोटात व्रण, गाठ वा जंतुदोष यांचा मागमूस नव्हता. तथापि त्यांची कैफियत एकट्या पोटापुरतीही नव्हती. कळ येताच चेहरा पांढराफटक पडावा, ओकारी व्हावी, डोके ठणकावे, आणि कळ ओसरल्यावर मूल गळून जाऊन झोपी जावे, ही लक्षणे अशा मुलांत वारंवार दिसतात. आणि ‘कुठे दुखते?’ म्हणून विचारले असता मूल एक बोट न टेकवता सारा तळवा बेंबीवर फिरवते.

शाळेची रिक्षा दाराशी उभी राहताच पोट धरून बसणाऱ्या पोराला आपल्या घरांतून प्रथम बेंबीभोवती हिंग लाभतो, मग ओवा, आणि सर्व तपासण्या निर्दोष आल्या की ‘नाटके करतो’ हा निवाडा! हा निवाडा अन्यायाचा आहे. आतड्यांच्या भिंतींत मज्जापेशींचे जे दाट जाळे पसरलेले असते, त्याचा मेंदूशी अखंड व्यवहार चालतो. आणि एखाद्या हगवणीनंतर वा दीर्घ चिंतेने हे जाळे हळवे झाले, म्हणजे जो वायू इतरांना जाणवतही नाही, तोच ह्या मुलांना असह्य ताण देतो.

अर्थात वजन घटणे, वाढ खुंटणे, शौचावाटे रक्त, झोपेतून उठवणारी वेदना किंवा बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास तपासणीत हयगय नको.

अशी लक्षणे नसली, तर पालकांच्या वागण्याकडे पाहावे. वँडरबिल्ट विद्यापीठाच्या लिन वॉकर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना पोट तट्ट होईतो पाणी पाजले; त्यानंतर ज्यांच्या पालकांनी दुखण्याचीच विचारपूस चालू ठेवली, त्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या, आणि ज्यांचे मन अन्य विषयांत गुंतवले, त्यांच्या निम्म्यावर आल्या. पोटदुखीच्या मुलांनीही मन रमवणेच अधिक सुखावह असल्याची साक्ष दिली, परंतु त्यांच्या पालकांना मात्र विषय बदलल्याने मुलाला अपाय होईल ही धास्ती वाटत होती; आणि जी माता रात्र रात्र पोट शेकत बसली, तिला ती वाटावी हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

मनाच्या वाटेने उपचारही करून पाहिले गेले आहेत. नेदरलँड्समध्ये आरिने फ्लिगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ५३ मुलांवर संमोहनोपचार आणि नेहमीचे उपचार यांची तुलना केली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, वर्षभरानंतर संमोहनोपचार घेतलेल्यांपैकी शेकडा ८५ मुलांच्या, तर दुसऱ्या गटातील शेकडा २५ मुलांच्या बाबतीत उपचार यशस्वी ठरले होते.