यादीत नसलेल्यांची पाहणी

पाहणी म्हटली की पहिली धाव मतदार यादीकडे. दर अमुकाव्या नावावर खूण करायची नि दार वाजवायचं. पण देहविक्री करणाऱ्या बायकांची यादी कुठल्या कचेरीत मिळणार? मग अशांची शास्त्रशुद्ध पाहणी होऊच शकत नाही, असं सर्रास म्हटलं जातं.

तसं नाही. एचआयव्हीच्या संदर्भात २००५ ते २००७ या काळात सहा राज्यांत ‘आयबीबीए’ ही पाहणी झाली. महाराष्ट्रातल्या निवडक जिल्ह्यांत कोल्हापूरही होतं. अशा पाहणीत माणसांची यादी नसली तरी जागा आणि वेळांची यादी करता येते. एकच एसटी स्टँड दुपारी दोनला वेगळं, रात्री दहाला वेगळं. म्हणून त्या दोन स्वतंत्र नोंदी धरतात आणि त्यांतून चिठ्ठ्या काढतात. अकरा ते पाच फिरणाऱ्या पाहणीवाल्याला रात्रीच्या बायका भेटायच्याच नाहीत.

दुसरा गैरसमज जास्त चिवट: एकीनं दुसरीला आणलं की तो ओळखीपाळखीचा मामला, त्यात कसलं शास्त्र? नुसती साखळी वाढवत नेली तर आक्षेप रास्तच आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये त्यावर तोड मांडली. प्रत्येकीला ओळखीच्यांना वाटायला मोजकीच कूपनं द्यायची, बहुधा तीन, म्हणजे एकाच गोतावळ्याची भरती होत नाही. शिवाय प्रत्येकीला विचारायचं, ‘या धंद्यातल्या किती जणी तुम्हाला ओळखतात?’ वीस जणी ओळखणारीच्या हाती कूपन पडण्याची शक्यता दोघींशीच ओळख असलेलीच्या साधारण दहापट. म्हणून हिशेबात तिच्या उत्तराचं वजन दहाव्या हिश्शावर आणतात. ‘आयबीबीए’त नागालँडमधल्या दिमापूरला हीच रीत वापरली गेली.

तरी ही जादूची कांडी नव्हे. २०१० मध्ये गोएल आणि साल्गानिक यांनी दाखवून दिलं, की या पद्धतीच्या अंदाजांतली अनिश्चितता मानली जात होती त्याहून बरीच मोठी असू शकते.

विखुरलेल्या पण घोळक्यानं राहणाऱ्यांसाठी स्टीव्हन थॉम्पसन यांनी १९९० मध्ये आणखी एक वाट सांगितली. ती ऊसतोड कामगारांना लावून बघा. नकाशावर चौकोन पाडायचे, काही चिठ्ठीनं निवडायचे. एखाद्यात पालं दिसली की शेजारचे चौकोनही धुंडाळायचे आणि त्या जादा शोधाची वजावट हिशेबात करायची. एवढा खटाटोप कशाला, मुकादमाची वही आहे की! पण त्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’.