मीटरचा लाल दिवा काय सांगतो?

मुलांनो, ‘जुनं मशीन लाईट खातं’ हे वाक्य तुम्ही घरी ऐकलंच असेल. आमच्या हट्ट्यातही ते घरोघर ऐकू येतं. आमच्याकडे कपडे धुण्याचं दोन टबांचं जुनं यंत्र आहे. ते फिरू लागलं की भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा हलतं! एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, “अगं, एवढा आवाज करतं म्हणजे लाईट किती खात असेल! काढून टाका ते अन् शेजारच्यांसारखं नवं आणा.”

नवं यंत्र म्हणजे हजारो रुपयांची गोष्ट. तेव्हा आम्ही ठरवलं, आधी मोजून पाहू.

पण वीज मोजायची कशी? मीटरकडे नीट पाहा. त्यावर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. तो किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतं, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे. एक युनिट म्हणजे १००० वॅटचं उपकरण एक तास चालवायला लागणारी वीज.

घरातले दिवे, पंखे, फ्रीज सगळं थोडा वेळ बंद केलं आणि फक्त यंत्र चालू केलं. घड्याळ लावून मुलांनी मोजलं. मिनिटाला २० वेळा! धुणं, खंगाळणं, पिळणं मिळून यंत्र अर्धा तास चाललं. म्हणजे झाले ६०० वेळा. ६०० भागिले ३२००, जेमतेम ०.१९ युनिट.

मग शेजारच्या ताईंकडे गेलो. त्यांचं यंत्र नवंकोरं, समोरून दार असलेलं. तेवढेच कपडे टाकले, थंड पाणी ठेवलं. मिनिटाला सरासरी ८ वेळा! मुलं ओरडली, “नवं जिंकलं!” पण थांबा. ते यंत्र पूर्ण एक तास चाललं. ८ गुणिले ६० म्हणजे ४८०. फरक फक्त १२० चा. रोज कपडे धुतले तरी महिन्याला साधारण एक युनिट वाचेल!

नवं यंत्र मिनिटाला कमी वीज का घेतं? जुन्या यंत्रातली चकती तळाशी फिरते आणि रवीने ताक घुसळावं तसं भरपूर पाणी घुसळते. तिची मोटार एकाच वेगाने, पट्ट्याच्या मदतीने फिरते. नव्या यंत्रातला ड्रम थोड्याशा पाण्यात कपडे वर उचलतो आणि खाली आपटतो. नदीवर दगडावर कपडे आपटतात ना, तसंच! त्याच्या मोटारीत कायमचे चुंबक असतात आणि गरजेपुरतीच वीज देणारं सर्किट असतं.

आता खरी गंमत. ताईंनी ‘६० अंश’ हे बटण दाबलं. यंत्रातला हीटर सुरू झाला आणि लाल दिवा असा धावू लागला की मोजता मोजेना. मिनिटाला शंभराच्या वर!

असं का? पाणी तापवायला फार ऊर्जा लागते. या बाबतीत पाणी मोठं हट्टी! एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायचं तर १५ × ४.२ × ४० = २५२० किलोज्यूल. एका युनिटमध्ये ३६०० किलोज्यूल असतात. म्हणजे नुसतं तापवायलाच ०.७ युनिट! गरम पाण्याचं बटण दाबलं, की नवं यंत्र आमच्या खडखड्याच्या चौपटीहून अधिक वीज घेतं.

मग नव्याचा फायदा काहीच नाही? आहे, आणि तो पाण्याचा. आमच्या यंत्राला आठ बादल्या पाणी लागलं, ताईंच्या यंत्राला चार. मराठवाड्यात मे महिन्यात चार बादल्यांची किंमत काय, हे तुम्हांला सांगायला नको. बोअरचं पाणी वर येतं तेही विजेवरच. म्हणून आम्ही आता शेवटच्या खंगाळण्याचं पाणी दुसऱ्या दिवशीच्या धुण्यासाठी साठवतो. आणि कपडे वाळवायला आपल्याकडचं ऊन आहेच, फुकट!

सासूबाईंनी हिशेब ऐकला आणि म्हणाल्या, “मग चालू द्या अजून.” हे यंत्र थकेल तेव्हा नवं घेताना मात्र आम्ही स्टार लेबल पाहणार. भारत सरकारचा ऊर्जा दक्षता ब्यूरो २००२ मध्ये स्थापन झाला. वीज वाचवणारी उपकरणं ओळखू यावीत म्हणून २००६ पासून ही लेबलं सुरू झाली. एकाच प्रकारच्या यंत्रांत तारे जितके जास्त, तितकी विजेची बचत जास्त.

करून पाहा : मीटरला हात न लावता, मोठ्या माणसाबरोबर लांब उभे राहून एक मिनिट लाल दिवा मोजा. एकदा फक्त पंखा लावून, एकदा फक्त इस्त्री लावून. वहीत लिहा. कोण जास्त वीज खातं, आवाज करणारं की तापणारं? उत्तर घरच्यांना तुम्हीच सांगा!