एकट्याची दिवाळी आणि दुसऱ्याचा आवाज

आश्विन सरत आला की वसई-विरारच्या गावागावांतून आकाशकंदील लागू लागतात. आमच्याकडचा सणांचा मोसम मुंबईपेक्षा लांब असतो. दिवाळी आटोपते न आटोपते तोच कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची यात्रा भरते. शंकराचार्यांच्या समाधीच्या दर्शनास गर्दी लोटते, सुकेळी हातोहात खपतात; आणि यात्रेतील पाले उठतात न उठतात तोवर पापडी, नंदाखाल या बाजूच्या घरांवर नाताळचे तारे चढू लागतात. या दोन-अडीच महिन्यांत ज्याच्या घरी कोणीच येणार नाही त्याने काय करावे, हा प्रश्न सणाच्या पानावर सहसा विचारला जात नाही. तेथे फराळाच्या कृती असतात, मुहूर्त असतात. आम्हांस यंदा या प्रश्नावरच लिहावयाचे आहे.

अशा माणसास उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. ‘आत्मानंदात रमा, एकांतात सुख माना’ असे सांगणे सोपे आहे. कीर्तनास उभे राहून तर फारच सोपे. परंतु उपनिषदांनी हा प्रश्न इतक्या स्वस्तात सोडविलेला नाही. बृहदारण्यकाच्या पहिल्या अध्यायात आरंभीच्या एकट्या पुरुषाची कथा येते. त्यास प्रथम भय वाटले. मग त्याने विचार केला की आपल्यावाचून येथे दुसरे काही नाहीच, तेव्हा भय बाळगावयाचे ते कोणाचे? त्या विचारासरशी भय निघून गेले. परंतु त्यास करमेना. आणि येथे तो ऋषी मोठा प्रामाणिक आहे. करमत नाही यावर त्याने कोणताही विचार औषध म्हणून सांगितला नाही. त्या पुरुषास ‘दुसरा’ हवासा वाटला, एवढेच सांगितले. भय विचाराने जाते, एकटेपण जात नाही. त्याला दुसरा लागतो. हा दुसरा देहाने समोर नसेल तर तो पुस्तकात किंवा पडद्यावर कितपत भेटू शकतो, हे पाहावयाचे आहे.

असे एकटे आमच्या भागात थोडे नाहीत. जुन्या वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील कितीतरी घरांची मुले कॅनडात, ऑस्ट्रेलियात, आखातात आहेत आणि मागे एक म्हातारा किंवा एक म्हातारी आहे. नालासोपाऱ्याच्या खोल्यांतून गावाकडचे तिकीट न मिळालेले तरुण आहेत. इस्पितळात रात्रपाळीस असलेली परिचारिका आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री इतरांच्या पणत्या राखीत फाटकाशी बसलेला पहारेकरी आहे. आमचे कुटुंब २०१८ साली निवर्तले, चिरंजीव समुद्रापार असतात. तेव्हा हा विषय आम्ही केवळ ऐकीव माहितीवर लिहीत नाही, एवढे सांगून पुढे जातो.

एक वर्ष असे आले की सारेच एकटे झाले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, देवळांची दारे मिटली, विरारच्या लोकलमधील भजनी मंडळांचे टाळ थांबले. त्या वर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुकाही पायी वारीने गेल्या नाहीत, एस. टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. महाराष्ट्रातील मंदिरे उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याच्या दिवशी. तत्पूर्वी २ एप्रिलला रामनवमी आली होती. कीर्तनकाराच्या वर्षातला हा केवढा दिवस! दुपारी बाराच्या ठोक्याला आम्ही घरातल्या घरात, पाळण्यापुढे उभे राहून जन्माचे आख्यान लाविले. समोर श्रोता नव्हता. झांजेचा नाद भिंतीवर आपटून आमच्याचकडे परत येत होता. गाणाऱ्याला भिंत हा श्रोता पुरत नाही, हे त्या दिवशी चांगले उमगले.

त्याच रात्री नऊ वाजता मात्र एक नवल अनुभवास आले. २८ मार्चपासून दूरदर्शनने रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका पुन्हा दाखविण्यास आरंभ केला होता, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. ही मालिका १९८७ साली प्रथम लागली तेव्हा ज्याच्या घरी टी. व्ही. त्याच्याकडे सारी आळी जमत असे. आता जमण्यास बंदी होती. परंतु आम्ही गॅलरीत उभे राहिलो तो चारी मजल्यांच्या उघड्या खिडक्यांतून एकच संवाद, एकाच क्षणी, एकाच आवाजात बाहेर येत होता. प्रत्येकजण आपापल्या घरात कोंडलेला, पण श्रवण एकच. मालिकेच्या कलागुणांविषयी पंडितांनी काय म्हणावयाचे ते म्हणावे. त्या रात्री आमच्या इमारतीत सभा भरली होती.

सभा हा शब्द आम्ही मुद्दाम योजिला. वाल्मीकिरामायणाच्या आरंभी कुश-लव रामापुढे रामकथा गातात. राम सिंहासनावर आहे. गाणे रंगू लागते तेव्हा तो हळूहळू परिषदेत येऊन मिसळतो, असे कवी सांगतो. टीकाकारांचे म्हणणे असे की उंच आसनावर एकट्याने बसून त्यास कथेचा रस मिळेना, म्हणून तो खाली उतरून श्रोत्यांत बसला. उत्तरकांडात तर हा प्रसंग अश्वमेधाच्या सोहळ्यात येतो. देशोदेशीचे राजे आले आहेत, अन्नदान चालू आहे, आणि यजमान राजाच्या शेजारी पत्नी नाही. तिची सोन्याची प्रतिमा आहे. भर उत्सवात एकटा असलेला हा पुरुष दोन अनोळखी मुलांच्या तोंडून स्वतःचीच कथा ऐकत आहे. सणाच्या दिवशी एकट्या माणसाने कथेचा आश्रय करावा याला याहून जुना आणि याहून थोर दाखला आम्हांस ठाऊक नाही. आणि ध्यानात घ्यावे, कथेने त्याची सीता परत मिळवून दिली नाही. पुढे ती भूमीत गेली. कथेने त्याला जे दिले ते दुसरेच काही होते: आपले दुःख दुसऱ्याच्या आवाजात ऐकावयास मिळणे.

आमच्या सोपाऱ्यालाही ऐकण्याची ही परंपरा अपरिचित नाही. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली येथील स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे तुकडे याच परिसरात सापडले. नवव्या लेखाचा विषय मंगलविधी हा आहे. लोक आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासास निघताना नाना मंगले करितात; त्यांचे फळ अल्प, खरे मंगल म्हणजे चाकरांशी नीट वागणे आणि वडीलधाऱ्यांचा मान राखणे, असा त्याचा आशय. (फाटकावरच्या पहारेकऱ्यास फराळाचे ताट धाडणाऱ्यांनी हा लेख न वाचताच आचरला, असे म्हणावे लागेल.) परंतु आम्हांस अधिक मोलाची वाटते ती याच राजाने ओडिशातील धौली येथे कोरविलेली एक सूचना. पुष्य नक्षत्राच्या दिवशी हा लेख ऐकविला जावा आणि मधल्या काळात, प्रसंग पडल्यास, एकट्यानेही तो ऐकावा, असे तेथे म्हटले आहे. राजाज्ञा कोरणाऱ्याला एकट्या श्रोत्याची आठवण राहिली. सणाच्या दिवशी सर्वांनी मिळून, आणि जमले नाही तर एकट्याने. पण ऐकावयाचे, हे महत्त्वाचे.

म्हणून एकट्या वाचकास आमचे पहिले सांगणे असे की पुस्तक मोठ्याने वाचावे. आमच्या आज्या चातुर्मासात पोथी वाचीत तेव्हा समोर कोणी नसले तरी मनातल्या मनात वाचीत नसत. दाराबाहेरच्या तुळशीला ऐकू जाईल इतका आवाज असे. मोठ्याने वाचले की घरात बोलणारा एक आणि ऐकणारा एक असे दोघे होतात. श्रवण ही नवविधा भक्तीतील पहिली भक्ती. ती आपल्याच मुखातून आपल्याच कानी पडली तर बाद होत नाही.

कोणते पुस्तक? याविषयी आमचा कल स्पष्ट आहे. जे पुस्तक एकटेपणात लिहिले गेले ते एकट्यास मानवते. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात, शिसपेन्सिलीने लिहिले गेले. पण ते सणाच्या दुपारी पेलेल असा आग्रह आम्ही धरणार नाही. ‘श्यामची आई’ मात्र प्रत्येकास पेलते. साने गुरुजींनी ती नाशिकच्या कारागृहात फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत लिहिली. तिची मांडणी पाहावी. प्रकरणांना प्रकरण न म्हणता ‘रात्र’ म्हटले आहे. आश्रमात सायंप्रार्थना होते, मित्र जमतात आणि श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो. तुरुंगाच्या भिंतींआड बसलेल्या माणसाने आपल्या कथेभोवती आधी श्रोत्यांचे कोंडाळे उभे केले आणि मगच तोंड उघडले! वाचणारा आपोआप त्या कोंडाळ्यात जाऊन बसतो. त्या रात्रींत दिवाळीचीही एक रात्र आहे. घरी दारिद्र्य, भाऊबीजेचे म्हणून माहेराहून आलेल्या पैशांतून आई स्वतःला काही न घेता वडिलांसाठी धोतर आणविते. ज्याला यंदा कोणी नवे वस्त्र आणलेले नाही त्याने ही रात्र वाचावी. डोळे भरून येतील, येऊ द्यावेत. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली या पुस्तकावर चित्रपट काढला आणि पुढच्या वर्षी राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान त्याला मिळाला, हे सर्वांस ठाऊक आहे. तोही पाहण्याजोगा. पण पुस्तक आधी.

चित्रपटांत आम्ही ज्याच्याकडे वारंवार वळतो तो प्रभातचा ‘संत तुकाराम’. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, साल १९३६. दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम पाहून प्रेक्षक हात जोडीत. त्यातील एक रचना शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचिली. ती इतकी एकजीव झाली की लोकांनी तुकोबांचीच मानली. आम्हांसही श्रोत्यांकडून तिची फर्माईश होते आणि ती गाथेतील नव्हे हे सांगितले तर त्यांना आमचाच संशय येतो.

परंतु या चित्रपटाविषयीची सर्वांत खरी गोष्ट आम्हांस एका शेजारणीने सांगितली. वय ऐंशीच्या पुढे, शिक्षण बेताचे, दोन्ही मुलगे परदेशी. दिवाळीत त्यांच्या नातवाने मोबाइलवर हा चित्रपट लावून दिला होता. आम्ही विचारले, “वैकुंठगमनाचा प्रसंग कसा वाटला, आजी?” त्या म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही विमानाकडे बघता. मी आवलीकडे बघते. ती मागे राहिली ना!” आम्ही वर्षानुवर्षे बीजेच्या कीर्तनात तुकोबांचे वैकुंठगमन वर्णिले आहे, पण मागे राहिलेल्या बाईकडे इतके रोखून पाहिले नव्हते. गौरीबाईंनी ती आवली उभी केली आहे: भांडणारी, पोरे सांभाळणारी, नवऱ्याच्या देवावर चिडणारी. आजींना या आवलीत आपला ‘दुसरा’ सापडला. सोबत म्हणतात ती हीच. त्या दिवशी आवाज कमी न करता, दार किलकिले ठेवून त्यांनी चित्रपट पाहिला आणि समोरच्या दारातली गृहिणी हातातले करंजीचे ताट घेऊन तो ऐकत उंबऱ्यात उभी राहिली. कानात बोंडे घालून पाहणाऱ्यास हा लाभ होत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिले.

आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचेही असेच आहे. नाताळात मुले न आलेले एक सद्गृहस्थ फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ मोठ्याने वाचीत बसलेले आम्ही पाहिले. नंदाखालच्या या धर्मगुरूंना त्या अनुवादासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही मिळाले. २०२४ साली ते गेले. ते गृहस्थ म्हणाले, “फादर गेले, पण मराठी त्यांचीच ऐकू येते.” आम्ही बसलो. त्यांनी एक अध्याय वाचला, आम्ही एक वाचला, आणि मग त्यांनी केक कापला.

उरता उरला दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाच्या फराळात ही एक जिन्नस वाढली. नवा कोरा अंक विकत घ्यावा हे उत्तमच. परंतु एकट्या वाचकाने ग्रंथालयातला, चार घरे फिरून आलेला अंक आणावा असे आम्ही सुचवू. त्यात पूर्वीच्या वाचकाच्या पेन्सिलीच्या खुणा असतात, चकलीच्या तेलाचा डाग असतो, एखाद्या कथेच्या शेवटी ‘छान’ किंवा ‘पटत नाही’ असे लिहिलेले असते. ग्रंथपालांना हे आवडत नाही आणि त्यांचे बरोबर आहे. गेल्या माघात आम्ही आणलेल्या एका अंकात शब्दकोडे होते. ते तीन निरनिराळ्या अक्षरांत भरलेले होते. एक हात कापरा, एक शाळकरी, एक गिचमिड. उभा सातवा शब्द मात्र तिघांनाही सुटला नव्हता. तो आम्ही भरला.