जुन्या जीपचा स्टिअरिंग बॉक्स बदलताय?
अमरावती-अकोला महामार्गावर 2022 मध्ये 75 किलोमीटरची लेन 105 तास 33 मिनिटांत बांधून गिनीज विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाला, पण जुनी महिंद्रा सीजे-3बी सरळ चालेल तर शपथ!

लगेच बॉक्सवर घसरू नका. कुणाला तरी स्टिअरिंग हलवायला लावा अन् खाली वाकून पाहा. बेल क्रँक किंवा टाय रॉड एंड ढिला असेल, तर प्ले (ढिलेपणा) तिथलाच. बॉक्सचा पिटमन आर्मच उशिरा हलत असेल, तर बॉक्स गेला. आत कॅमची खाच अन् लिव्हरच्या पिना झिजतात, खाच मध्यावर जास्त. त्यामुळे बॉक्सचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळला की वळणावर स्टिअरिंग अडकतं.

बॉक्स बदलताना आर्म पुलरनेच काढा. हातोडा म्हणजे नसता उद्योग. नवा बॉक्स टोकापासून टोकापर्यंत फिरवून मध्यावर आणा, चाकं सरळ ठेवा, मगच आर्म बसवा.