मोटार घ्यावी ती कोणत्या इंधनाची?

एकत्र कुटुंबांत मोटार घेण्याचा विषय निघाला, कीं रंग, आसनें व ऐट यांवर आठ दिवस चर्चा चालते. इंधनाचा प्रश्न मात्र ‘डिझेल स्वस्त पडतें’ या एका वाक्यानें निकालांत निघतो. आमच्या जळगांव-धुळें भागांत हें वाक्य सुभाषितासारखें सर्वांना पाठ आहे. एके काळीं तें खरें होतें. आज तें कोणास लागू पडतें व कोणास नाहीं, हें घरांतील सर्वांनींच समजून घेण्याजोगें आहे. कारण मोटारीचे हप्ते सबंध घराच्या मिळकतींतून जात असतात.

प्रथम यंत्राचा स्वभाव पाहूं. पेट्रोलच्या एंजिनांत हवा व इंधन यांचें मिश्रण सुमारें दहापट दाबून ठिणगीनें पेटवितात. रुडोल्फ डिझेल या जर्मन एंजिनियरानें ती ठिणगीच काढून टाकली. नुसती हवा पंधरा-अठरापट दाबली म्हणजे ती इतकी तापते, कीं तींत सोडलेलें तेल आपोआप पेट घेतें. सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोंक हाताला कढत लागतें, तोच हा प्रकार. १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें त्याचें एंजिन यशस्वी ठरलें. दाब अधिक असल्यानें तितक्याच उष्णतेंतून काम अधिक निघतें. शिवाय एक लिटर डिझेलमध्यें पेट्रोलपेक्षां सुमारें एकदशांश उष्णता जास्त असते. एंजिन मंद फिरत असतांहि जोर भरपूर मिळतो, म्हणून ओढण्याच्या कामीं डिझेलला तोड नाहीं. रावेर-यावलकडे केळीच्या घडांनीं भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर, मुंबई-आग्रा रस्त्यावर लळिंगचा घाट चढणारी मालमोटार, चाळीसगांवाहून कन्नडच्या घाटाला लागलेली एस्. टी., यांत बहुतेक ठिकाणीं आजहि डिझेलच आढळतें, तें उगीच नव्हे.

परंतु घरच्या मोटारीला ट्रॉली ओढावयाची नसते. मग तिच्यासाठीं डिझेलचा एवढा हव्यास कां पडला? त्याचें कारण यंत्रांत नसून सरकारी दरांत होतें. २०१० सालीं पेट्रोलचे दर खुले झाले, डिझेलचे मात्र २०१४ च्या ऑक्टोबरपर्यंत सरकारनें दाबून ठेविले होते. त्या चार वर्षांत दोहोंमधील अंतर वाढलें आणि जो तो डिझेलची मोटार घेऊं लागला. पुढें दर खुले झाले. एप्रिल २०२० पासून धुराविषयींचे कडक नियम आले, आणि मारुती-सुझुकीनें तर डिझेलच्या मोटारी करणेंच सोडून दिलें. सुभाषित मात्र मागें उरलें.

आतां हिशेब करूं. पेट्रोल १०५ रुपये व डिझेल ९२ रुपये लिटर धरा. पेट्रोलची मोटार लिटरला १६ किलोमीटर चालते व डिझेलची २०, असें समजा. किलोमीटरला एकीचा खर्च सुमारें साडेसहा रुपये व दुसरीचा चार रुपये साठ पैसे. म्हणजे बचत दोन रुपयांच्या आंतबाहेर. डिझेलच्या मोटारीला दीड लाख रुपये अधिक पडले असतील, तर ते वसूल होण्यास ७५,००० किलोमीटर धांवावें लागेल. गांवांतल्या गांवांत रोज वीस किलोमीटर फिरणाऱ्यास वर्षाला ३०० दिवस धरून साडेबारा वर्षें लागतील. रोज साठ किलोमीटर जाणाऱ्यास चार वर्षांहून थोडीं अधिक. पेट्रोलमध्यें आतां वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें व त्यांत उष्णता कमी, म्हणून पेट्रोलची चाल थोडी घटते, तीहि ध्यानांत घ्यावी.

डिझेलची आणखी एक खोड विक्रेते सहसा सांगत नाहींत. नव्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारी जाळी असते. ती काजळी जळून जाण्यास लांबचा, सलग व वेगाचा प्रवास लागतो. मुलांना शाळेंत सोडावें, मंडईंत जावें व परत यावें, एवढ्यावर ती जाळी तुंबते, आणि दुरुस्तीचा खर्च वर्षाची बचत गिळून टाकतो.

राहिला वायु. तो कांहीं नवा नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हां आपल्याकडे कोळशाच्या भट्टीच्या वायूवर मोटारी चालवीत असत. आजचा सी. एन्. जी. रोजच्या फिरण्यास बहुधा सर्वांत स्वस्त पडतो. मात्र वायु हवेची जागा व्यापीत असल्यानें एंजिनाचा जोर थोडा घटतो, भरल्या मोटारीनें घाट चढतांना तें जाणवतें, आणि टाकी मागील सामानाची जागा खाते. लग्नकार्यास निघालेल्या कुटुंबानें वळकट्या, डबे व मोठ्या काकूंची पेटी कोठें ठेवावी?

आमच्या घरीं हा वाद महिनाभर चालला. पुतण्या केळीची बाग पाहतो. त्याला डिझेल हवें होतें. मुलगा व सून गांवांतच नोकरीस. त्यांचें रोजचें जाणें-येणें अठरा किलोमीटरांहून अधिक नाहीं. मीं दोघांस महिनाभर एका वहींत अंतरें लिहावयास लाविलीं. बागेचा माल वर्षांतून मोजकेच दिवस निघतो, असें तींत दिसलें. शेवटीं घरासाठीं पेट्रोलची मोटार घेतली आणि केळीसाठीं डिझेलची पिकअप भाड्यानें आणावयाची ठरली. हंगामांत पिकअपवाले भाडें वाढवितात, एवढी तक्रार पुतण्याची अजून शिल्लक आहे.