फेरान कोरोमिनास

फेरान कोरोमिनास तेलेचेआ (जन्म: ५ जानेवारी, इ.स. १९८३, विलोबी दोन्यार, जिरोना प्रांत, कातालोनिया) हा स्पेनचा माजी व्यावसायिक फुटबॉल खेळाडू आहे. तो 'कोरो' या टोपणनावाने ओळखला जातो. एस्पान्योल, एल्चे, मायोर्का इत्यादी स्पॅनिश क्लबांकडून खेळल्यानंतर तो इ.स. २०१७ ते २०२० या काळात एफसी गोवा या संघाचा आघाडीपटू होता. इंडियन सुपर लीग स्पर्धेत त्याने ५७ सामन्यांत ४८ गोल केले. सलग दोन हंगामांत सर्वाधिक गोल करून त्याने 'गोल्डन बूट' हा पुरस्कार मिळवला.

== स्पेनमधील कारकीर्द ==

बार्सिलोना शहरात दोन मोठे क्लब आहेत. त्यांपैकी एस्पान्योल हा कमी प्रसिद्ध क्लब असून कोरोची जडणघडण तेथेच झाली. एस्पान्योलच्या मुख्य संघात तो इ.स. २००३ मध्ये आला. तेथे तो बहुतेक वेळा उजव्या बगलेवरून खेळत असे. गोल करणे ही प्रामुख्याने राउल तामुदोची जबाबदारी होती. त्यामुळे कोरोच्या स्पेनमधील गोलांची संख्या पाहून त्याच्या योग्यतेचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

इ.स. २००६ हे वर्ष त्याच्या स्पेनमधील कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचे होय. १२ एप्रिल रोजी माद्रिद येथे झालेल्या कोपा देल रे स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एस्पान्योलने रेआल सारागोसाचा ४-१ असा पराभव केला. त्यातील एक गोल कोरोचा होता. मात्र चषक जिंकणारा हाच संघ ला लीगाच्या गुणतालिकेत तळाशी घसरला होता व दुसऱ्या श्रेणीत जाण्याच्या उंबरठ्यावर उभा होता. १३ मे रोजी रेआल सोसिएदादविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात नियमित वेळ संपेपर्यंत एकही गोल झाला नव्हता. भरपाई वेळेत कोरोने गोल केला, एस्पान्योल १-० असा जिंकला आणि त्याच्याऐवजी आलावेस हा क्लब खालच्या श्रेणीत गेला. श्रेणी घसरली की दूरचित्रवाणीचे उत्पन्न आटते व चांगले खेळाडू विकावे लागतात. त्यामुळे या एका गोलाचे मोल एखाद्या चषकापेक्षाही अधिक होते. एस्पान्योलचे चाहते कोरोला आजही या गोलासाठी ओळखतात.

पुढील हंगामात एस्पान्योलने युएफा चषकाची अंतिम फेरी गाठली. १६ मे २००७ रोजी ग्लासगो येथे सेविया संघाने पेनल्टी शूटआऊटमध्ये त्यांना हरवले. संपूर्ण स्पर्धेत नियमित वा जादा वेळेत एकही सामना न गमावता एस्पान्योलला उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले.

इ.स. २०११ मध्ये कोरो ओसासुनाकडून व त्यानंतर जिरोनाकडून खेळला. इ.स. २०१२ मध्ये तो एल्चे संघात गेला. या संघाने २०१२-१३ च्या हंगामात दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून ला लीगात प्रवेश केला. २०१४-१५ मध्ये एल्चे मैदानावर सुरक्षित स्थानी राहिला होता. तरीही थकीत कर्जामुळे त्याला प्रशासकीय निर्णयाने खालच्या श्रेणीत टाकण्यात आले. यावेळी वाचवण्यासाठी गोल पुरेसा नव्हता. त्यानंतर कोरोने मायोर्काकडून एक हंगाम व सायप्रसमधील दोक्सा कातोकोपियास या क्लबकडून एक हंगाम काढला. वयाच्या ३४ व्या वर्षी सायप्रसमधून भारतात येणारा खेळाडू निवृत्तीपूर्वीचा पगार घेण्यासाठी येतो, असा सर्वसाधारण समज असतो.

== एफसी गोवा ==

२०१६ च्या हंगामात एफसी गोवा गुणतालिकेत शेवटच्या स्थानी होता. इ.स. २०१७ मध्ये प्रशिक्षकपदी आलेल्या सर्जिओ लोबेरा यांनी चेंडूवर ताबा ठेवून खेळण्याची पद्धत आणली व कोरो, मानुएल लान्झारोते आणि एदू बेदिया या स्पॅनिश खेळाडूंभोवती संघ उभारला. येथे कोरो बगलेऐवजी आघाडीच्या मध्यभागी खेळू लागला. त्याच्या खेळाचा आधार वेग किंवा शरीरबळ नव्हता. बचावपटूच्या नजरेआड राहून योग्य क्षणी मोकळ्या जागेत सरकणे व पहिल्याच स्पर्शात फटका मारणे हे त्याचे बलस्थान होते, आणि ते वयाने फारसे कमी होत नाही.

३० नोव्हेंबर २०१७ रोजी फातोर्डा येथील जवाहरलाल नेहरू मैदानावर गोव्याने बंगळूरु एफसीला ४-३ असे हरवले. त्यात कोरोची हॅटट्रिक होती. ९ डिसेंबर रोजी केरला ब्लास्टर्सविरुद्ध (५-२) त्याने पुन्हा हॅटट्रिक केली. यावेळी उत्तरार्धाच्या सुरुवातीच्या काही मिनिटांतच तिन्ही गोल झाले. त्या हंगामात कोरोने १८ व लान्झारोतेने १३ गोल केले.

२०१८-१९ मध्ये लान्झारोते संघात नव्हता, तरीही कोरोने १६ गोल केले. गोल्डन बूटसोबतच सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही त्याला मिळाला. १७ मार्च २०१९ रोजी मुंबई येथे झालेल्या अंतिम सामन्यात मात्र जादा वेळेत राहुल भेकेच्या गोलामुळे बंगळूरु १-० असा जिंकला. महिनाभरात, १३ एप्रिल रोजी भुवनेश्वर येथे चेन्नईयिनवर २-१ असा विजय मिळवून गोव्याने सुपर कप जिंकला. त्यातही कोरोचा एक गोल होता.

२०१९-२० च्या हंगामात त्याने १४ गोल केले. तिसरा गोल्डन बूट केवळ एका गोलाने हुकला; १५ गोल करणारे तिघे होते. १९ फेब्रुवारी २०२० रोजी जमशेदपूरला ५-० असे नमवून गोव्याने साखळीतील अव्वल स्थानासाठी त्याच वर्षी सुरू झालेली ढाल पटकावली. तत्पूर्वीच लोबेरा यांना पदमुक्त करण्यात आले होते व क्लिफर्ड मिरांडा प्रभारी प्रशिक्षक होते. या यशामुळे एफसी गोवा हा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गट साखळीत थेट प्रवेश मिळवणारा पहिला भारतीय क्लब ठरला. उपांत्य फेरीत चेन्नईयिनने एकूण ६-५ अशा गोलफरकाने गोव्याला बाहेर काढले. कोरोच्या तिन्ही हंगामांत लीगचा करंडक गोव्याला मिळाला नाही.

या काळात भारतीय आघाडीपटूंचा प्रश्नही चर्चेत होता. मैदानावर एका वेळी पाच परदेशी खेळाडूंना मुभा असल्याने बहुतेक संघ गोल करण्याची जागा परदेशी खेळाडूला देत. सुनील छेत्री हा ठळक अपवाद होता. इ.स. २०२१ पासून ही मर्यादा चारवर आणली गेली.

इ.स. २०२० मध्ये कोरो स्पेनला परतला व पाल्मा येथील आत्लेतिको बालेआरेस क्लबमध्ये दाखल झाला. इंडियन सुपर लीगमधील सर्वाधिक गोलांचा त्याचा विक्रम इ.स. २०२२ मध्ये हैदराबाद एफसीच्या बार्थोलोम्यू ओग्बेचे याने मोडला.